साऱ्या खानदेशाची सासू

सुरतेत पर्वत पाटियाच्या चौकात शेअर रिक्षात बसले होते. मांडीवर साड्यांचं गाठोडं, एक पाय आत, दुसरा जवळजवळ बाहेर. शेजारी एक बाई येऊन टेकली, कडेवर नातू. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि नातवाला उचलून पलीकडच्या मांडीवर घेतलं.

"तूच ना ती? सूनले भुकी ठेवनारी?"

"हो बाई, मीच ती," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं.

"देव देखस बरं, माय," ती म्हणाली, आणि मग सुनेशी कसं वागावं याचं प्रवचन सुरू झालं. सुनेला आधी वाढावं. सुनेच्या माहेराचं नाव काढू नये. ती दमून आली असेल तर पाण्याचा तांब्या आपण पुढे करावा. सगळं बरोबरच होतं. फक्त मला तेव्हा सूनच नव्हती. तसं मी सांगूनही पाहिलं, तर ती म्हणाली, "मी सोता देखेल शे, मोबाईलमा." गोडादरा यायच्या आधीच मी रिक्षा थांबवली आणि गाठोडं डोक्यावर घेऊन पायी निघाले. राग आला की मला बसवत नाही. तसं राग नसला तरी बसवत नाही.

माझी आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे, हिला घर नको, रस्ता द्या. तिने दिलं मात्र घरच. लग्न करून सुरतेला आले तेव्हा दीड खोलीत आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि सासू. नवरा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये रंगाच्या मशीनवर. त्याच्या नखांवरून कळायचं आज मिलमध्ये कुठला रंग चालला होता. बोलायचा कमी. त्या मशीनच्या आवाजात दिवस काढणाऱ्यांना घरी आल्यावर बोलायचं राहूनच जातं, असं मी माझ्या मनाला समजावत आले. मला घरबसल्या काम मिळालं ते धागा कटिंगचं. साडीच्या उलट्या बाजूला भरतकामाचे लोंबणारे धागे असतात, ते बारीक कात्रीने कापत बसायचं. बसायचं! देवाने माझी चेष्टाच केली. मी एक पदर कापायचे आणि उठून पाणी प्यायचे, दुसरा कापायचे आणि दाराशी जाऊन यायचे. सासू तिच्या कोपऱ्यातून बघत असायची.

सासूबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या साऱ्या कामधंद्याचं मूळ तिच्यात आहे.

तिने मला कधी मारलं नाही. उपाशी ठेवलं नाही. कधी आवाजही चढवला नाही. ती हळू बोलायची. मांजराशी बोलायची, पातेल्याशी बोलायची, भिंतीवरच्या कॅलेंडराशी बोलायची. लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण तिला लेक नव्हती, म्हणून मांजर. मी सुरतेत आले त्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. कळण्याची भाकरी करायला बसले होते. ज्वारीत उडीद घालून दळलेलं ते पीठ आमच्या माहेरी फारसं नसायचं, हाताला सवय नव्हती, भाकरी तव्यावर टाकताना मधोमध फाटली. नवरा समोर ताट घेऊन बसलेला. सासू उठून माझ्याजवळ आली, फाटकी भाकरी उचलली, उजेडाकडे धरली आणि अगदी मायेने म्हणाली, "ऱ्हाऊ दे व माय. तुना मायबापनी तुले पोसं, शिकाडं नही."

पोसलं, शिकवलं नाही. बस, एवढंच. शिवी नाही, शाप नाही. माझे आईवडील त्या एका वाक्यात गुरांच्या गोठ्यात जाऊन उभे राहिले. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो ताटात बघत जेवत राहिला. त्यानंतर वर्षानुवर्षं तो ताटातच बघत राहिला आणि ती हळू आवाजात बोलत राहिली. शेवटी ती गेली तेव्हा मी रडले, ते खरंच रडले. इतकी वर्षं एका छताखाली काढल्यावर माणूस रडतंच. पण मनात एक कोपरा असाही होता जो म्हणत होता, सुंठेवाचून खोकला गेला.

तो कोपरा चुकीचा निघाला.

ती गेल्यावर वर्षभरातच आमच्या गल्लीत व्हिडिओची मंडळी आली. कोपऱ्यावर मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याचा मालक म्हणजे दिग्दर्शक, कॅमेरामन आणि संगीतकारही. अहिराणीत विनोदी व्हिडिओ करायचे आणि मोबाईलवर टाकायचे. गोडादऱ्यात, लिंबायतमध्ये, थेट धुळ्या-नंदुरबारपर्यंत लोक ते बघायचे. सासूचं काम त्यांच्याकडे एक पुरुष लुगडं नेसून करायचा. त्या दिवशी मिलमध्ये त्याची डबल पाळी लागली आणि तो आलाच नाही. मंडळी माझ्या दारासमोर चूल मांडून खोळंबली होती. सुनेचं काम करणारी पोरगी पिठाचा गोळा थापत बसलेली. मी गोंगाटाला वैतागून भांडायलाच बाहेर आले होते, कंबर कसून. तेवढ्यात त्या पोरीची भाकरी तव्यावर पडता पडता फाटली.

आणि माझ्या तोंडातून आलं, "ऱ्हाऊ दे व माय. तुना मायबापनी तुले पोसं, शिकाडं नही."

हळू. मायेने. अगदी तसंच.

त्या पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, खरं पाणी. कॅमेरा चालू होता. आणखी एकदा म्हणा म्हणून दिग्दर्शक माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. "मावशी, आखो एकदाव बोला. फक्त लुगडं नेसीसन."

मी घरात गेले. पेटीत सासूचं हिरवं लुगडं होतं. ते नेसून बाहेर आले.

तो व्हिडिओ वणव्यासारखा पसरला. ते वाक्य पोरंटोरं एकमेकांना म्हणू लागली. चहा सांडला की "तुले पोसं, शिकाडं नही", पतंग कापला गेला की "तुले पोसं, शिकाडं नही". भाजीच्या हातगाडीवरही मला तेच ऐकू यायचं. माझं नाव कोणाला माहीत नव्हतं, अजूनही नाही. मी सासू. हिरो-हिरॉइनी बदलत गेले. आज या गल्लीची पोर, उद्या त्या गल्लीची. सासू तीच राहिली. मधूनमधून आत्या झाले, चोंबडी शेजारीण झाले, एकदा वडावरची हडळ झाले आणि फांदीवरून पडले. पण लोकांना मी लुगड्यातच हवी होते.

आमच्याकडे कागदावर काही लिहिलेलं नसतं. दिग्दर्शक प्रसंग सांगतो. "मावशी, सून उशिरा उठनी." नाहीतर "मावशी, सूनना भाऊ उना." पुढचं आपलं आपण बोलायचं. इतर कलाकार अडखळतात, डोकं खाजवतात. मला कधी विचार करावा लागला नाही. सून उशिरा उठली तर काय बोलायचं, सुनेचा भाऊ आला तर काय बोलायचं, ते मला पाठ होतं. सगळं मला बोलून झालेलं होतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझ्या सासूची मेल्यावरही गेली नाही, ती माझ्या तोंडात बिऱ्हाड करून राहिली.

आणि एक नवल सांगते. शूटिंगच्या दिवशी माझे पाय थांबायचे. तासभर एका पाटावर बसून राहायचे मी, कॅमेरा लागेपर्यंत. हडबड नाही, उठबस नाही. घरी आले की शांत झोप. बोलून टाकलेलं असायचं ना.

नवरा मात्र एकही व्हिडिओ बघायचा नाही. गल्लीत कोणाच्या मोबाईलवर माझा आवाज लागला की चपला घालायचा आणि पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, निघून जायचा. लाज वाटते याला बायकोची, असं मी धरून चालले होते. मीही टोमणे मारायचे. गावाला माझं कौतुक आणि घरात अंधार. तो नखं साफ करत बसायचा.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की दिग्दर्शक जुने परदेशी सिनेमे लावून बसायचा, नवीन कल्पना उचलायला. एकदा त्याने मला अमेरिकेतला एक काळापांढरा सिनेमा दाखवला. त्यात एक टकला, जाड भुवयांचा माणूस होता, विधवेचं घर खाली करायला आलेला. भाषा कळली नाही तरी तो किती नीच आहे ते कळत होतं. दिग्दर्शक म्हणाला, "हा माणूस पाहा मावशी, याने शंभर सिनेमांत काम केलं असेल. एकात घरमालक, एकात तुरुंगाचा जेलर, एकात भ्रष्ट न्यायाधीश. कायम वाईट. नाव कोणालाच ठाऊक नाही, चेहरा सगळ्यांना." त्याने भराभर चार-पाच सिनेमे लावून दाखवले. खरंच, कोट बदलायचा, टोपी बदलायची, भुवया त्याच. मी त्या माणसाकडे बघतच राहिले. माझ्या जन्माआधीचा तो, साता समुद्रापलीकडचा, आणि मला वाटलं की याला मी ओळखते.

"याले बायको, पोरं व्हतीत का रे?" मी विचारलं.

"माले काय मालूम, मावशी."

"हाऊ घर कसा व्हई?"

तो हसला. हा माणूस घरी कसा असेल, हा प्रश्न म्हणजे त्याला गंमत वाटली. मला नव्हती वाटली. संध्याकाळचा बाजार करताना, गर्दीत, डोक्यात तेच चालू होतं. हा माणूस शेजाऱ्यांकडे साखर मागायला गेला तर ते दार लावून घेत असतील का? याच्या मुलीला मागणी आली असेल तेव्हा काय झालं असेल?

कारण घरात तोच विषय होता. माझा मुलगा लग्नाचा झाला होता, खरं तर लग्नाचा होऊन गेला होता. कापड मार्केटमध्ये चांगल्या दुकानात सेल्समन, निर्व्यसनी, दिसायला बापावर. पण आमच्या लोकांत मुलींची टंचाई अशी की तीस-तीस वर्षांचे घोडे मुंडावळ्यांविना फिरताहेत. शेवटी माझ्या भावाने शिरपूरकडचं एक स्थळ आणलं. मुलगी कॉलेज शिकलेली, तरतरीत. एका हळदीत दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही होतं, आणि माझा मुलगा तेव्हापासून आरशासमोर जास्त वेळ घालवत होता. मला सगळं कळत होतं. मी देवाला म्हटलं, एवढं एक जमव.

आम्ही मुलगी बघायला गेलो. घर ऐसपैस, माणसं भली. आजी खाटेवर बसलेली, घरात तिचाच शब्द चाले. दाराआड पोरींची कुजबुज आणि खुसखुस. मला लगेच कळलं की इथे सगळ्यांनी मला पाहिलेलं आहे.

मग मी ठरवलं, यांना दाखवून द्यायचं की मी तशी नाही. आणि तिथेच माती खाल्ली.

मी गोड बोलायला लागले. पोहे तोंडात घालण्याआधीच पोह्यांचं कौतुक. मुलीच्या आईला म्हटलं, ताई, तुमच्या हाताला चव आहे. मुलगी चहा घेऊन आली तर उठून तिच्या हातातला ट्रे घेतला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्या बायका म्हणतात तेच म्हटलं, "आमले सून नको, आंडेर पाहिजे." आंडेर म्हणजे मुलगी. सून नको, लेक हवी.

दाराआडच्या पोरी फस्सकन हसल्या. एक तर पदर तोंडात कोंबून आत पळाली. आजी हसली नाही. बाजारात खोटं नाणं वाजवून पाहणारा माणूस बघतो, तशी ती माझ्याकडे बघत होती. मलाही तेव्हाच आठवलं. आमच्या प्रत्येक व्हिडिओत तेच तर असतं. पाहुणे असेपर्यंत सासू साखर. "आमले सून नको, आंडेर पाहिजे" हे वाक्यही तिचंच. पाहुणे दाराबाहेर पडतात, सासू कडी लावते, वळते, आणि मग सुरू होतं.

आता मी काय करू? गोड बोलावं तर पाहुण्यांसमोरची सासू. गप्प बसावं तर कडी लावल्यानंतरची. मी खुर्चीत सारखी चुळबुळत राहिले. पायाखालची सतरंजी गोळा झाली. निघताना मुलीच्या हातावर साडी ठेवली तर तीही माझ्या हातून खाली पडली.

आठवड्याने भाऊ घरी आला. चपला न काढताच उंबऱ्यात टेकला.

"पोरगा पसंत शे. पोरगीले बी पसंत शे," तो म्हणाला. "पन आजी काय म्हनस, सांगू? म्हनस, बाई कितली गोड बोलनी! आते पुढला सीन माले मालूम शे."

मला हसू आलं आणि त्याच वेळी भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

"मंग?"

"मंग, ते व्हिडिओ बंद. कायमना बंद. आजीना शब्द शे. बंद करतस तर लगीन, नही तर राम राम."

मी भडकले. म्हटलं, ही कुठली रीत? सिनेमात खून करणाऱ्याला कोणी फाशी देतं का? त्या आजीला म्हणावं, रावणाचं काम करणाऱ्याच्या घरात सीता असते का कोंडलेली? भाऊ ऐकून घेत राहिला. नवरा कोपऱ्यात नखं खरवडत होता. मुलगा आतल्या खोलीच्या दारात उभा होता. अवघड काही बोलायचं असलं की माझा मुलगा गुजरातीत शिरतो. शाळा त्याच भाषेतली, दुकानही त्याच भाषेतलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मम्मी, तुं एनी साथे एवुं नहीं करे ने?"

तिच्याशी असं नाही ना वागणार तू?

मी ज्याला या हातांनी न्हाऊ घातलं, त्याने मला हे विचारलं. रिक्षातली बाई परकी होती, तिचा राग आला आणि गेला. याचा रागच आला नाही. काहीतरी आत खचलं, एवढंच. भावाला म्हटलं, "आजीले सांग, बंद."

लुगडं धुतलं, घडी घातली, पेटीत तळाशी ठेवलं. दिग्दर्शक आला, हातापाया पडला, म्हणाला मावशी, तुमच्यावाचून चॅनेल बसेल. मी म्हटलं, बसू दे. त्याने दुसरी बाई आणली. एकदा उत्सुकता म्हणून शेजारणीच्या मोबाईलवर पाहिलं. ती बाई किंचाळत होती, हात नाचवत होती, लाटणं फेकत होती. अगं, सासू ओरडत नसते! ओरडणाऱ्या बाईला कोण भितं? मी तिथून उठून घरी आले आणि धुतलेली भांडी पुन्हा घासली.

ते दिवस फार वाईट गेले. पायांची भिंगरी परत आली, आणि या वेळी ती वरपर्यंत चढली. डबे रिकामे करून पुसायचे, परत भरायचे. पहाटे उठून खाडीच्या पुलापर्यंत चालत जायचे, त्या घाण वासात उभी राहायचे आणि परत यायचे. धागे कापताना साडीलाच कात्री लागली, ठेकेदाराच्या शिव्या खाल्ल्या. लग्नाची धावपळ आली तेव्हा बरं वाटलं. तिथे कोणी कोणाला "जरा बस" म्हणत नाही. लग्न चांगलं झालं. आजीने मला मिठी मारली, पण मिठीतूनही मला तपासत होती.

सून घरी आली. गोड पोरगी, खरंच. सासूबाई नाही, "आई" म्हणायची. मी तिच्याशी सांभाळून वागत होते, काचेचं भांडं नेल्यासारखं. ती उशिरा उठली तर मी आधीच बाहेर जाऊन उभी राहायचे, म्हणजे तोंडावर काही येणार नाही. एकदा तिचा भाऊ आला. मी भाजी आणायला म्हणून निघाले आणि तो जाईपर्यंत बाजारातच फिरत राहिले. सगळ्यांना वाटलं, किती मोकळीक देते ही सुनेला. शेजारणी म्हणाल्या, चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, तू तर तुझे चारही देऊन टाकलेस. मी हसले. कोणाला काय सांगू, की माझ्या जिभेवर एक म्हातारी बसलेली आहे आणि तिला कितीतरी दिवस बोलायला मिळालेलं नाही.

मिलला सुट्टी होती त्या दिवशी. दुपारची जेवणं. नवरा आणि मुलगा पाटावर, समोर ताटं. सून म्हणाली, आई, आज मी करते कळण्याची भाकरी, आजीने पीठ पाठवलंय. मी शेजारीच ठेचा कुटत बसले होते. तिने गोळा मळला, थापला, हातावर घेतला. माझं लक्ष ठेच्यात होतं. तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज आला, आणि मी वर पाहिलं. मधोमध फाटलेली.

मी पुढे झाले. फाटकी भाकरी उचलली. उजेडाकडे धरली.

"ऱ्हाऊ दे व माय," मी म्हणाले. "तुना मायबापनी तुले पोसं, शिकाडं नही."

हळू. मायेने.

सून खळखळून हसली. पिठाच्या हातांनी टाळी वाजवली. तिला वाटलं मी तिला तो व्हिडिओ करून दाखवला, खास तिच्यासाठी, घरच्या घरी. "आई, आखो एकदाव!" ती म्हणाली. कॉलेजमध्ये ती आणि तिच्या मैत्रिणी हेच वाक्य एकमेकींना म्हणायच्या ना. मग तिने माझा चेहरा पाहिला. टाळी वाजवलेले हात तसेच राहिले. पिठाची एक चिमूट तिच्या साडीवर पडली.

मुलगा घास हातात धरून थांबला होता. माझा हात तापला होता, भाकरी तव्यावरची होती, पण मला ती खाली ठेवता येत नव्हती. मला ओरडून सांगायचं होतं की हे मी नाही बोलले. पण बोलले तर मीच होते. कॅमेरा नव्हता, लुगडं नव्हतं, कोणी "मावशी, चला" म्हटलं नव्हतं.

मी नवऱ्याकडे पाहिलं, जुन्या सवयीने. तो ताटात बघत असणार, हे मला माहीत होतं.

तो ताटात बघत नव्हता. त्याने ताट बाजूला सारलं होतं. तो उठला, माझ्या हातातली भाकरी घेतली आणि परातीत ठेवली. आदल्या दिवशीच्या रंगाने त्याची नखं हिरवी होती. मग तो इतकं बोलला, जितकं मी त्याला एका दमात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"हाई मनी माय बोलनी," तो म्हणाला. "तवय बी मी आठेच बठेल व्हतू. माले तिना आवाज ऐकाले जमत नही, मोबाईलमा बी नही. म्हनीसन मी उठी जास."

हे माझी आई बोलली, तेव्हाही मी इथेच बसलो होतो. म्हणून मी उठून जातो. लाज नव्हती ती. किती वर्षं मी त्याला टोमणे मारले, आणि तो पानाच्या गल्ल्यावर आपल्या आईपासून पळून जात होता. मला रडू फुटलं. भाकरी फाटली तेव्हा पहिल्या महिन्यात जे आलं नव्हतं, ते आता आलं.

तो पेटीकडे गेला. वरचे कपडे बाजूला केले, तळातून हिरवं लुगडं काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"सकायपासून शूटिंगले जाय," तो म्हणाला. "तिले तठेच बोलू दे." उद्यापासून जा, आणि तिला तिथेच बोलू दे.

मुलगा म्हणाला, पण आजीला शब्द दिलाय. तेव्हा सुनेने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या मांडीवरच्या लुगड्याकडे ती बराच वेळ बघत होती. व्हिडिओत तिने ते कितीदा पाहिलं असेल, आज पहिल्यांदा हात लावला.

"आजीले मी सांगसू," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "आई, तवय तुमनी भाकर बी फाटेल व्हती का?"

मी हो म्हणून मान हलवली. ती उठली, परातीजवळ गेली, आणि माझ्यासाठी जागा करून सरकून बसली. मी तिच्या शेजारी पाटावर बसले आणि पीठ हातात घेतलं. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत मी तिथून उठले नाही.